बेलावर दशपर्णी

"माझं औषध लागू पडत न्हाय असं कुणी म्हणू नये, ते किडीच्या आधी झाडाला लागू पडतं."

हे वाक्य माणिकप्पाचं. अणदूरच्या चहाच्या टपरीवर त्यानं ते एकदा टाकलं आणि बाकड्यावरचे सगळे पोट धरून हसले. लोकांनी हसायच्या आत आपणच आपल्याला हसून मोकळं व्हावं, ही त्याची जुनी रीत. सगळी नोकरी त्यानं ढोकीच्या साखर कारखान्यात, टाइम ऑफिसात काढली. लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलंच तर "मला हजेरी घ्यायची सवय, द्यायची न्हाय," हे उत्तर तयार असायचं. निवृत्त झाल्यावर तो अणदूरला थोरल्या बहिणीकडं, उमाबाईकडं राहायला आला. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि अक्का एकटीच होती.

अक्काच्या घरामागं परसू होतं. माणिकप्पानं ते ताब्यात घेतलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून घरच्या घरी औषधं करायला लागला. मिरचीवर मावा पडला तेव्हा साबणाचं पाणी मारलं. कुठला साबण घ्यायचा ते व्हिडिओत सांगितलं असणार, पण नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन आला. यानं धुण्याचा सोडा कालवला. मावा गेला, त्याच्या मागोमाग मिरचीही गेली. गुलाबाच्या पानांवर पांढरी भुरी आली म्हणून आंबट ताक मारलं, तेही पाणी न घालता. शेजारच्या शिवगंगाचं मांजर दोन दिवस गुलाब चाटत बसलं.

"माणिकअण्णा," शिवगंगा भिंतीवरून म्हणाली, "आमच्या मांजराला ताक द्यायचंच तर वाटीत द्या की. त्याच्या जिभेला काटे टोचायलेत."

"त्याला म्हणावं, गुलाब हाय, सांभाळून."

संध्याकाळी हेच सगळं टपरीवर मीठमसाला लावून सांगितलं जायचं. "कारखान्यात माणसं हजर हायत का एवढंच बघायचं होतं. इथं हजर असलेली झाडं म्या गैरहजर केली." लोक हसायचे, चहा पाजायचे. टपरीवर तो एक गोष्ट मात्र सांगत नसे. वाळलेलं झाड उपटून टाकल्यावर मुळांची माती त्याच्या हाताला लागलेली राही, आणि ती झटकायला त्याला उगाच वेळ लागे.

परसात एक बेल होता. गुरुसिद्धप्पा दाजी गेले त्या वर्षी अक्कानं तो स्वतःच्या हातानं लावलेला. अक्का रोज आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायची. एकदा लिंग हातावर घेतलं की पूजा होईपर्यंत ते खाली ठेवायचं नाही आणि घोटभर पाणीही तोंडात घालायचं नाही. पूजेला बेलाचं पान इतकी वर्षं मठातून यायचं. घरचं झाड लहान होतं, आणि बेल काही घाईनं वाढत नाही. यंदा मात्र ते तिच्या डोक्याच्या वर गेलं. श्रावणाच्या पहिल्या सोमवारपासून आपल्या बेलाचं पान वाहायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त माणिकप्पाला सांगितलं होतं.

श्रावण तोंडावर आला आणि बेलावर अळ्या दिसल्या. लहान होत्या त्या पाखराच्या शिटेसारख्या, मोठ्या होत्या त्या हिरव्यागार. कोवळा पाला कुरतडायला सुरुवात झाली होती.

"माणिक, चार अळ्या हायत. वेचून टाक," अक्का म्हणाली.

"वेचायला कोंबड्या हायत अक्का. मग माझ्या शिक्षणाचा काय उपयोग?"

"तुझ्या शिक्षणानं मिरची गेली."

"मिरचीचा पायाच कच्चा होता."

"हसू नको. त्या झाडावर तुझं काय बी मारायचं न्हाय. न्हाय तर मी वेचते, शिडी धर."

"गुडघे बघ आधी तुझे. बघतो मी."

बघतो म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर ड्रम होता. न्हाणीमागच्या निळ्या ड्रमात दशपर्णी अर्क मुरत पडला होता. कडुनिंब, सीताफळ, रुई, धोत्रा, करंज असा दहा झाडांचा पाला, गोमूत्र, शेण, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या आणि तंबाखू. झाकण उघडलं की शिवगंगा आपल्या खिडक्या लावून घ्यायची. महिनाभर त्यानं तो रोज काठीनं ढवळला होता. आयुष्यात एखादी गोष्ट इतकी नेमानं त्यानं केली नव्हती. आणि हा अर्क खरोखर चांगला झाला होता, हे त्याला कळत होतं. त्याला एकदा, फक्त एकदा, टपरीवर हसू न येणारी गोष्ट सांगायची होती.

रविवारी संध्याकाळी अक्का मठात प्रवचनाला गेली. माणिकप्पानं अर्क गाळला, पाण्यात मापानं मिसळला, पंपात भरला आणि बेलावर फवारला. वरून, खालून, पानाच्या पाठीवरून. शेंड्याला पोचावं म्हणून स्टुलावर चढला. एक पान सोडलं नाही. अंधार पडायच्या आत अळ्या टपाटप खाली पडायला लागल्या. पान एकही जळालं नाही. तो कितीतरी वेळ झाडाखाली उभा राहिला, आणि त्याला एकही विनोद सुचला नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी अक्कानं आंघोळ केली, विभूती लावली, ड्रमाच्या रोजच्याच वासात परसातली पानं तोडली, धुतली आणि पाटावर बसली. लिंग तळहातावर घेतलं. उजव्या हातानं पान उचललं, आणि हात अर्ध्यावर थांबला. तिनं पान नाकाशी नेलं.

"माणिक."

तो दारात आला.

"लसणाचा वास येतोय."

"अळ्या गेल्या अक्का. एक सुद्धा राहिली न्हाय, जाऊन बघ."

"लसणाचा येतोय. आणि तंबाखूचा."

तिनं शेजारच्या तांब्यातल्या पाण्यात पान पुन्हा बुडवलं, बोटांनी चोळलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. महिनाभर मुरलेला वास एका पाण्यानं जाणार नव्हता. अक्काच्या घरात लसूण शिजायचा, पण पूजेच्या पाटाजवळ त्याला थारा नव्हता. तंबाखू तर दाजींनाही उंबऱ्याबाहेर खावी लागायची.

"एखादी फांदी सुटली असंल बघ," ती म्हणाली.

"न्हाय सुटली," माणिकप्पा म्हणाला. हे त्याला खात्रीनं सांगता येत होतं. मग सवयीनं त्याचं तोंड सुरू झालं, "देवाला पावसाळ्यात सर्दी झाली असंल तर लसूण चांगलाच की. वर तंबाखू म्हंजे..."

भिंतीपलीकडं शिवगंगा फसकन हसली. अक्का हसली नाही. तिचा डावा हात पुढं धरलेला होता. तळहातावरचं लिंग अजून पानावाचूनच होतं, आणि पूजा झाल्याशिवाय ते खाली ठेवता येणार नव्हतं.

"उमाक्का, मठातलं पान आणू का मी?" शिवगंगानं ओशाळून विचारलं.

"तू नको." अक्कानं भावाकडं पाहिलं. "माणिक, तू चुकलास की आधी तूच हसतोस. मग माणसानं तुला बोलायचं कसं? मिरचीला हसलास, गुलाबाला हसलास. मी बी हसले. आज मला हसू येत न्हाय रे."

तो पाटावरच्या ओल्या पानांकडं बघत राहिला.

"मठात जा. आज सोमवार हाय, सगळं गाव असंल तिथं. स्वामींकडं पान माग. का पाहिजे ते सांग. अक्कानं नको म्हणलं होतं, तरी म्या फवारलं, एवढंच सांग." तिनं उजव्या हाताचा आधार डाव्या मनगटाला दिला. "कुणाला हसवून मागू नको."

माणिकप्पाच्या जिभेवर वाक्य आलं होतं. चांगलं होतं, टपरीवर महिनाभर चाललं असतं. मठाच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं त्याच्या डोळ्यांसमोर आली, त्यातली निम्मी टपरीवरची. तो तोंड उघडायच्या आधीच ती हसायला तयार होऊन बसलेली असणार. ते वाक्य नसेल तर त्या पायऱ्यांवर आपण कसे उभे राहणार, हे त्याला काही केल्या दिसेना.

अक्काचे ओठ कोरडे पडले होते.

त्यानं खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली आणि जिभेवरचं ते वाक्य गिळून मठाच्या वाटेला लागला.