वाकळ आधी आईनं अंगावर घेतली

मंडळी, आज दुपारी एका बाईंना त्यांच्या स्वमग्न मुलासाठी मी शिवलेली जड गोधडी दिली. हातात घेतल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. "एवढं वजन? गुदमरणार नाही ना तो?"

पन्नास वर्षांपूर्वी शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात मामा हेच ओरडला होता.

माझा धाकटा भाऊ बंडू बोलत नसे. मोठा आवाज झाला की भिंतीवर डोकं आपटायचा. म्हणून आईनं वाकळेला, म्हणजे गोधडीला, चौकोनी कप्पे शिवून त्यात शाळूचे, म्हणजे ज्वारीचे, दाणे भरले होते. ते ओझं अंगावर आलं की तो शांत व्हायचा.

त्या दिवशी फुटबॉलची मॅच जिंकलेली पोरं हलगी वाजवत गल्लीत शिरली. बंडू किंचाळायला लागला. आईनं त्याच्यावर वाकळ घातली, तेवढ्यात हातकणंगल्याहून मामा आला आणि त्यानं ती ओढून काढली.

"पोरगं मारतीस व्हय गं, आक्का?"

बंडूचं डोकं पुन्हा भिंतीवर. हलगी पार दाराशी आलेली.

आई वाकळ घेऊन स्वतःच जमिनीवर आडवी झाली. गळ्यापर्यंत ओढून म्हणाली, "बघ. मेली न्हाय मी."

कुणी हात लावलेला ज्याला खपत नसे, तो बंडू रांगत आला, तिच्या शेजारी आत शिरला आणि गप्प झाला. हलगी लांब गेली.

"आक्का?" मामानं हाक मारली. ती उठेना. तो घाबरून खाली वाकला.

आई घोरत होती. तिला दिवसा झोपलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

मी आज त्या बाईंना म्हटलं, "आधी तुम्ही घ्या अंगावर."

तुमच्या ओळखीत असं लेकरू असेल, तर सांगा, त्याच्या आईच्या अंगावर पांघरूण कोण घालतं?