बाळंतविड्यातली पावडर

निवृत्त झालो तरी ती घटना विसरता आलेली नाही, आणि आठवली की आधी हायसं वाटतं.

सावेडीतल्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. तापाने फणफणलेली दोन तान्ही बाळं त्यांच्याकडे फार उशिरा आणली गेली होती. दोन्ही घरांत एकसारखाच डबा सापडला होता, ‘बाळाच्या लघवीच्या जंतुसंसर्गावर गुणकारी’ असं छापलेली पूरक आहाराची पावडर. “तीच देत बसले. असा संसर्ग मूत्रपिंडावर जातो हो,” बाई म्हणाल्या. डबे कुणी वेगळे विकत आणले नव्हते, नातेवाइकांनी एकाच बाईकडून घेतलेल्या तयार बाळंतविड्यांतून आले होते.

आत्या-मावशीने आणलेला बाळंतविडा नाकारायची रीत आपल्याकडे नाही. विकणारीने नेमकं हेच हेरलं होतं, याचा मला संताप आला.

आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापुरात त्या बाईच्या घरी आम्ही अन्न-औषध खात्याच्या निरीक्षकांसह छापा घातला. महिला हवालदार सोबत होत्या. विकणाऱ्या बाई जराही डगमगल्या नाहीत.

“औशिद न्हाई ते, सायेब. नुसता आहार हाय. लई गुणाचा हाय.”

आवाज चढवला की अशी माणसं आणखी घट्ट होतात. माल अजून सील व्हायचा होता. मी म्हणालो, “माझ्या लेकीला दिवस भरत आलेत. पोटच्या पोरीसाठी भराल तसा एक बाळंतविडा मला भरून दाखवा.”

बाई खुलल्या. मऊ झबली निवडली, टोपडं ठेवलं, डिंकाचे लाडू हुंगून पाहिले आणि गाठ मारली. पावडरचे डबे हाताशीच होते.

“पावडर राहिली की,” मी म्हणालो.

त्यांनी एक डबा उचलला आणि परत ठेवला. त्या म्हणाल्या, “लेकीच्या बाळाला नगा देऊ, सायेब.” मग आपणहूनच सांगितलं, “आज सकाळी एक डबा गेलाय, शिर्डीकडं. बाळाला ताप हाय म्हनून आत्यानं मागून नेला. तिचा मोबाईल नंबर हाय माज्याकडं.”

हवालदारबाईंनी तिथूनच फोन लावला. आत्या आधी वाद घालत होती, मग घाबरली. आम्ही तिकडे पोचलो तोवर बाळाला जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. तपासणीसाठी लघवी हवी होती. सिस्टर बाटली धरून, आणि आई, आत्या, हवालदारबाई, मी, सगळे त्या बाळाकडे टक लावून. शेवटी धार आली तेव्हा आत्या रडता रडता हसायला लागली. संसर्ग निघालाच, पण वेळेत सापडला. लगेच औषध सुरू झालं आणि बाळ मूत्रपिंडाला धक्का न लागता बरं होऊन घरी गेलं. सावेडीतली दोघंही सावरली. विकणाऱ्या बाईंवर रीतसर गुन्हा दाखल झाला.

दवाखान्याच्या दारात आई हळूच म्हणाली होती, “मला मनातनं नको हुतं ते. पर आत्याबाईंना न्हाई कसं म्हनायचं?”

चौकशीत दरडावण्यापेक्षा समोरच्याला त्याच्या घरातल्या माणसाची आठवण करून द्यावी, हे मी या केसमध्ये शिकलो. पण त्याहून मोठी गोष्ट त्या आईने शिकवली. तान्ह्या बाळाच्या घरात ‘नको’ म्हणायला आईला कुणाची तरी सोबत लागते. त्या दिवशी ती सोबत पोलिसांची झाली, याचा आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.