अकरा महिन्यांचा अबोला

“कोन हाईस तू? नाव सांग!”

भगताने चांगुणा आत्याचे केस मुठीत धरून तिसऱ्यांदा विचारलं. दुसऱ्या हातात वेताची छडी. पुढ्यात निखारे, आणि त्यांच्यावर टाकायला सूपभर लाल मिरच्या.

भर दुपारी अंगणात अख्खं गाव जमलं होतं. नवरा, जोमा, ओटीवर मांडी घालून बसलेला.

आत्या तेव्हा बावीस वर्षांची. अंगात काहीही आलेलं नव्हतं.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. ही गोष्ट १९३४-३५ची, धरमतर खाडीच्या काठावरच्या मिठागरवाल्या गावातली. मला ती आत्यानेच सांगितली, तीन-चार वेळा, दरवेळी हसत.

आज तिला जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

सकाळी फॅमिली ग्रुपवर तिचा फोटो आला. खाली लिहिलंय, “शांत, सोशिक, समाधानी माउली.”

तिन्ही शब्द खोटे. लिहिणारा तिच्यासोबत एक दिवससुद्धा राहिलेला नाही.

त्याच्याखाली दुसऱ्याने फॉरवर्ड टाकलाय. सुखी संसाराच्या पाच सवयी. पहिली सवय: राग आला की गप्प बसा, पार्टनरला स्पेस द्या.

जोमाने आत्याला अकरा महिने स्पेस दिली.

कारण सांगतो. आदल्या मोसमात, पौर्णिमेच्या भरतीला मिठागराचा बांध फुटला. पाणी जोमाच्या पाठीमागून येत होतं आणि त्याला दिसत नव्हतं. “अवो” म्हणून हाक मारली असती तर बांधावरचे सगळे नवरे वळले असते. म्हणून आत्या नावाने ओरडली.

“जोमाऽ! मागं बघ!”

तो वाचला. मीठही बरंचसं वाचलं.

पण बायकोने चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलं. तिथल्या पुरुषांना पाण्यापेक्षा ते जास्त झोंबलं.

“जोमा, जा रं, मालकीन बोलावतेय!” महिनाभर हेच चाललं.

हसणाऱ्यांना उत्तर द्यायची धमक नव्हती. मग हा बायकोशी बोलायचा बंद झाला.

पाणी हवं तर तांब्या आपटायचा. भात हवा तर ताट पुढे सरकवायचं. बाहेरगावी जायचं असेल तर गोठ्यात जाऊन बैलाला सांगायचं, “उद्या पेनला जायचंय रं.” आत्याने ते चुलीपाशी ऐकायचं आणि भाकरी बांधून ठेवायची.

गाव म्हणे, जोमा देवमाणूस. हात उगारत नाही, पीत नाही, आवाज नाही.

अबोल्याच्या आठव्या महिन्यात आत्या माहेरी आली. थळला. माझ्या आजोबांनी विचारलं, “मारतो?”

“न्हाय.”

“पितो?”

“न्हाय. बोलत न्हाय, बाबा.”

“मंग बरंच हाय की!”

आणि संध्याकाळच्या आत परत नेऊन सोडली. माझेच आजोबा. त्यांच्या तसबिरीला आजही हार असतो.

परत आल्यावर आत्याने एक केलं. ती मिठागरात एकटीच मोठ्याने बोलायला लागली.

मीठ ओढता ओढता. काल काय शिजवलं, कोणाची गाय व्याली, सासू काय म्हणाली, त्यावर आपण काय म्हणायला हवं होतं. स्वतःच विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची, मध्येच स्वतःवर चिडायची.

आता याला सेल्फ-टॉक म्हणतात. सकाळी आरशासमोर उभं राहून करतात आणि त्याचा व्हिडिओ टाकतात.

आत्याला कोणी शिकवलं नव्हतं. ती मला म्हणाली, “येडी होऊ नये म्हनून बोलत होते. तर म्हनाले, येडी झाली.”

जो बोलत नव्हता तो शहाणा. जी बोलत होती तिला बाधा.

सासूने भगत बोलावला.

भगताने आल्या आल्या छाती ठोकून सांगितलं होतं, “हिच्या तोंडून ज्याचं नाव येल, त्याला हिच्यापासून तोडलाच समजा. मंग तो कोनीबी असो.”

सगळ्यांनी माना हलवल्या. जोमानेही.

तर, तिसऱ्यांदा विचारलं.

“नाव सांग!”

आत्याने मान वर केली.

“जोमा.”

भगताची मूठ सैल झाली.

“कोन?”

“जोमा. ह्यो ओटीवर बसलाय त्यो. ह्योच लागलाय मला. अकरा म्हैने झाले.”

आणि जोमा ताडकन उठून ओरडला, “मी न्हाय!”

अकरा महिन्यांनंतर तिच्या बोलण्यावर त्याचे पहिले शब्द. तेही तिच्याशी नव्हेत, भगताशी.

मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

भगत अडकला. गावासमोर शब्द दिलेला. नाव खोटं म्हणावं तर विद्या खोटी. त्याने मिरच्यांचं सूप बाजूला सारलं, थोडा वेळ डोळे मिटले आणि जड आवाजात निकाल दिला, “जित्या मानसाचंबी लागतं. ही बाई ह्याच्या सावलीत ऱ्हाता कामा नये.”

एका ढोंगी माणसाने त्या गावातला एकमेव शहाणा निर्णय दिला. तोही स्वतःची लाज राखायला.

त्यानंतर आत्या थळच्या घरात साठएक वर्षं राहिली. दिवसभर बोलायची. मांजराशी, विळीशी, आमच्याशी. आम्ही कंटाळायचो. आम्हीही काही थोर नव्हतो.

आत्या, तुला शांती लाभो असं मी लिहिणार नाही. शांतता तू पुरेशी भोगलीस. जिथे असशील तिथे कोणीतरी बोलणारं मिळो.

राहिलं एवढंच. निरोप त्याच संध्याकाळी थळला पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा स्वतः बैलगाडी जुंपून लेकीला आणायला गेले.

भगताने सांगितलं होतं ना.