गणिताच्या तासाला तांदूळ

"फळा वाचतीस का चाटतीस गं?"

आठवीचा पहिला आठवडा. गणिताचे सर फळ्यावर लिहीत होते आणि मी जागेवरून उठून फळ्याला नाक लावून उभी होते. मला जन्मापासून अंधुक दिसतं. चार बोटांपलीकडचं अक्षर माझ्यासाठी नसतंच. सर बोलले आणि अख्खा वर्ग हसला. मग त्यांनी डस्टर घेतलं आणि मी वाचत होते तीच ओळ पुसली. म्हणाले, "तुला हितं काय दिसणार? जा, शांताक्काला तांदूळ निवडू लाग. हातांचा तरी उपयोग हुईल."

शांताक्का शाळेत दुपारचं जेवण शिजवायची. मी गेले. आधी गणिताचा तास, मग विज्ञानाचाही. मग रोजच. हजेरीत मी वर्गात, बसलेली सुपापुढं. अडीच वर्षं.

आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला ते काम आवडायला लागलं. माझ्या बोटांतून एक खडा सुटायचा नाही. सर जेवताना म्हणायचे, "आमच्या आंधळीनं निवडलेला भात हाय. दात पडायची भीती न्हाई." आणि मी फुगायचे. उळवीच्या जत्रेत आईनं हे चारचौघींना कौतुकानं सांगितलं. पोरगी शाळेत शिकायला जाते का निवडायला, हे एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही. अपमान गोड करून वाढला की माणूस वाटी पुढं करून अजून मागतं.

दहावीत परीक्षेचे फॉर्म आले. हेडमास्तरांनी आमच्या गावाहून, दिग्गीहून, माझ्या वडलांना बोलावून घेतलं. अप्पा भाताची कापणी टाकून आले. समोर खुर्ची होती, पण बसा असं कुणी म्हटलं नाही. हेडमास्तरांनी कागद सरकवला. "शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा आहे. हिच्या डोळ्यांना उगाच त्रास कशाला? अंगठा करा."

अप्पांचा हात शाईकडं गेला. आमच्याकडं शिकलेल्या माणसानं कागद पुढं केला की अंगठा आपोआप उठतो.

मी कागद ओढला, नाकाला लावला आणि मोठ्यानं वाचला. 'तब्येतीच्या कारणामुळे पालक मुलीला स्वखुशीने शाळेतून काढत आहेत.'

"माझी तब्येत चांगली हाय," मी म्हटलं.

गणिताचे सर तिथंच बसले होते. म्हणाले, "एवढी हुशारी हाय, तर एक गणित सोडीव. सुटलं तर आत्ता फॉर्म भरतो." आणि त्यांनी एका कागदावर गणित लिहून दिलं. मोठ्या, ठळक अक्षरांत. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

तुम्हाला वाटेल, मी सोडवलं. गोष्टींत तसंच होतं. मला एक ओळही कळली नाही. अप्पा हळूच म्हणाले, "चल बाय. आपल्या नशिबात न्हाई."

नशीब? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मोठ्या अक्षरांत लिहायला ह्या माणसाला एक मिनिट लागलं होतं.

"न्हाई येत," मी म्हटलं. "शिकिवलंच न्हाई, तर येणार कुठनं? तांदूळ निवडायला बसीवलासा, ते येतंय. आता गणित शिकवा. आता जसं लिवलासा, तसंच रोज लिवा."

"लई उद्धट हाय तुमची पोरगी," सर अप्पांना म्हणाले.

अप्पांनी हात मागं घेतला. "व्हय. हाय," एवढंच बोलले.

अंगठ्याशिवाय नाव कापता येत नव्हतं, म्हणून फॉर्म भरला गेला. दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर. शांताक्का हाक मारायची, मी उठले नाही. सरांनी शिकवलं ते नाइलाजानं, थोडंच. मी गणितात नापास झाले. शाळेचे शंभर टक्के बुडाले, सर माझ्या नावानं बोटं मोडत राहिले. मी रडले, पुन्हा परीक्षेला बसले, पास झाले.

आज मी तालुक्यातल्या शाळांत फिरून अपंग मुलांना शिकवते. त्यांना कसं शिकवायचं ते मास्तरांनाही सांगते. गेल्या महिन्यात एका शाळेतले सर ऐकू न येणाऱ्या मुलीबद्दल म्हणाले, "गुणी आहे हो. दिवसभर बागेला पाणी घालते. अभ्यासाचंच काही येत नाही. ही घरीच बरी, असं तुम्ही लिहून द्या."

मी लिहून दिलं. 'मुलीला येत नाही, कारण तिला शिकवलेलं नाही.' खाली सही केली.

"मॅडम, हे वरचे साहेब वाचतील," ते म्हणाले.

"वाचायलाच लिवलंय."

त्यांनी मला चहा विचारला नाही. आता मी दर सोमवारी त्या वर्गात जाऊन त्या मुलीशेजारी बसते. सर फळ्याकडं तोंड करून बोलायला लागले की त्यांना थांबवते. "सर, हिकडं वळा. तिला तुमचे ओठ दिसू देत." एका तासात दहादा म्हणते. ते चिडतात, पोरांसमोर मला टाकून बोलतात. बोलू देत. ते स्वतःहून तिच्याकडं वळेपर्यंत मी त्या बाकावरून हलणार नाही.