पाठीमागे गाव

धरमपेठेत एका चहाच्या टपरीवर रविवारी सकाळी आम्ही काही मोठी माणसं क्रिकेटपटूंची कार्डं बदलायला जमतो. तिथे खापरखेड्याहून एक म्हातारा फिटर बसने येतो. वीज केंद्रातून निवृत्त झालेला. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

त्याच्याकडे फक्त विदर्भाच्या संघाची कार्डं असतात, आणि ती बाजारात मिळत नाहीत. पेपरातला फोटो कापून तो जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवतो, आणि कडा कानशीने घासून गोल करतो. दाखवताना कार्ड स्वतःच्या तळहातावर ठेवतो, कुणाचं बोट लागू देत नाही.

एकदा त्याच्याकडच्या, संघातल्या बाराव्या खेळाडूच्या कार्डासाठी मी माझी चार चकचकीत कार्डं पुढे केली. त्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"कंपनी छापत नाही म्हणून आपली टीम नाही का गा? तू बनवून आण, मंग बदलू."

पुढच्या रविवारी मी सलामीच्या फलंदाजाचं कार्ड बनवून नेलं. मागे त्याच्या सगळ्या धावा लिहिल्या होत्या. म्हाताऱ्याने ते उलटून नीट वाचलं.

"गाव काहून नाही लिहिलं? धावा तं पेपरवाले लिहूनच राहिले."

खिशातलं पेन काढून त्याने त्या फलंदाजाचं गाव स्वतः लिहिलं. मग बाराव्या खेळाडूचं कार्ड माझ्या हातावर ठेवलं. मी ते उलटलं. मागे लिहिलं होतं, 'गाव काटोल. आपण जिंकलो तेव्हा मैदानात पाणी यानेच नेलं.'