ड्रायव्हर नसलेल्या गाडीची ड्रायव्हर

क्वांग यूलाननं वुहान शहरात चौदा वर्षं टॅक्सी चालवली. मग बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या, तशी तिनं मुकाट्यानं त्यांच्याच कंपनीत नोकरी धरली. थंडगार हॉलमध्ये खुर्चीत बसायचं, समोर तीन पडदे, हातात स्टिअरिंग. रस्त्यावर एखादी गाडी गोंधळली, की तिनं इथून ती हाकायची. नवरा देहौ अजून आपली जुनी टॅक्सी चालवत होता. "नवऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा पगार मिळतो हिला," असं तो पाहुण्यांसमोर हसत सांगायचा. ती हसायची नाही.

जुलैतल्या एका दुपारी तिच्या मधल्या पडद्यावर लाल चौकट उमटली. हानयांग भागात, बाजाराच्या गल्लीच्या तोंडाशी एक गाडी अडकली होती. पुढं कलिंगडांची तीनचाकी कलंडलेली, मागं बसचा भोंगा. आत एकटी म्हातारी, छातीवर हात दाबून.

"आजी, काय होतंय?"

"कोण बोलतंय? गाडी?"

"गाडी नाही, माणूस आहे. टॅक्सीवालीच आहे मी."

"मग समोर का नाहीस गं?" म्हातारीचा श्वास तुटत होता. "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. डावा हात बधिर झालाय."

यूलाननं रुग्णवाहिका बोलावली. ती यांगत्से नदीवरच्या पुलावर अडकलेली. वीस मिनिटं लागणार होती. हॉस्पिटलचं मागचं फाटक मात्र याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं. पण गल्ली एकेरी, आणि तीही उलट्या बाजूनं.

"शाओ साहेब, मी गल्लीतून नेते."

शाओ तिचा वरिष्ठ, वयानं पंधरा वर्षांनी लहान. पडद्याकडं बघून त्याचा चेहरा उतरला. "क्वांगताई, प्रवासी आजारी पडला की गाडी उभीच ठेवायची, असा नियम आहे. त्यात उलट्या दिशेनं? कुणी चाकाखाली आलं तर?"

"आणि ती गेली तर?"

शाओ हो म्हणाला नाही. नको असंही म्हणाला नाही. यूलाननं स्टिअरिंग धरलं.

"कलिंगडं बाजूला घ्या," बाहेरच्या स्पीकरवरून तिनं आवाज दिला. "आत म्हातारं माणूस आहे, छातीत कळ आलीय."

एक मासेवाला काचेतून रिकाम्या सीटकडं बघत म्हणाला, "ड्रायव्हर पळाला की काय?"

"पळाले नाही भाऊ, लांब बसलेय. तुम्ही पुढं चाला, वाट करून द्या."

तो हात हलवत चालू लागला. तीनचाकी उभी केली गेली, कलिंगडं बाजूला झाली, छत्र्या मिटल्या, टोपल्या सरकल्या. गाडी माणसाच्या चालीनं निघाली. म्हातारी कण्हत होती. मग कण्हणंही थांबलं.

"आजी, नाव काय तुमचं? आजी?"

"सियोंग," फार वेळानं आलं.

तेवढ्यात पडद्यावरचं चित्र थिजलं. मासेवाला एक पाय उचलून तसाच. यूलाननं ब्रेक दाबला, पण तो ब्रेक तिकडं गाडीपर्यंत पोचला की नाही, कळायला मार्ग नव्हता. एक, दोन, तीन. चित्र हललं तेव्हा मासेवाला गाडीपासून वीतभर अंतरावर, बॉनेटवर तळहात टेकून उभा होता. यूलानचा सदरा पाठीला चिकटला होता.

"चाला भाऊ," ती म्हणाली.

फाटकाशी स्ट्रेचर तयार होतं. शाओनंच फोन करून मागवलं होतं. हॉस्पिटलच्या दोघांनी आजीला उचललं. सीटवर भाजीची पिशवी तेवढी राहिली.

सियोंग आजी वाचली. चौकशीत शाओनं 'परवानगी मी दिली' असं लिहून दिलं, तरी यूलानला तीन महिने स्टिअरिंगवरून काढून फोनवर बसवलंच.

तो निकाल लागला त्या संध्याकाळी देहौ झिंग्यांची कवचं सोलत बसला होता.

"त्या गल्लीत डावीकडं उघडं गटार आहे," तो म्हणाला. "कसं चुकवलंस?"

"नाही चुकवलं. मागचं चाक उतरलं असणार. खुर्चीत काही जाणवत नाही."

देहौनं बोटं पुसली. "माझंही दोनदा गेलंय तिथं," तो म्हणाला.