पत्रिकेवरचे साहेब

विष्णुपुरीच्या रस्त्यावर माझं छोटं ऑफिस आहे. तिथून मी लोकांच्या वेबसाइट चालवतो, सगळ्या एकाच सर्व्हरवर. त्यातली एक आमच्या भागातल्या पुढाऱ्यांची, म्हणजे साहेबांची. कुठलंही पान उघडलं की आधी साहेब हात जोडून दिसले पाहिजेत, हा त्यांच्या सहायकाचा हट्ट. पानं विकासकामांपेक्षा बरीच जास्त होती. म्हणून मी सर्व्हरलाच त्या साइटपुरती एक सेटिंग देऊन टाकली: आधी साहेब, मग पान.

त्याच सर्व्हरवर लातूरच्या चाचांची साइट होती. चाचा लग्नपत्रिका छापतात. पत्रिकेचा नमुना ते साइटवर टाकतात, दोन्हीकडचे लोक मोबाइलवर बघून होकार देतात, मग छपाई. आमच्याकडच्या पत्रिकेत पुढाऱ्यांची नावं ओलांडून नवरीपर्यंत पोचावं लागतं. किल्लारीच्या एका वधूपित्यानं मात्र सोयरीक ठरतानाच बजावलं होतं, पत्रिकेवर एकही पुढारी नको. शिरूर अनंतपाळच्या वरपक्षानं ते कुरकुरत मान्य केलं होतं.

नमुना किल्लारीत उघडला, तर गणपतीच्याही वर साहेब. शिरूरला तीच पत्रिका स्वच्छ. वधूपिता म्हणाला, मागच्या दारानं साहेब घुसवले. वरपक्ष म्हणाला, नसलेलं दाखवून लग्न मोडायला निमित्त शोधताय. चाचांचा मला फोन आला.

“बेटा, माझ्या पत्रिकेनं आजवर एक लग्न मोडलं न्हाई.”

मी पान उघडलं. स्वच्छ. पुन्हा उघडलं, स्वच्छ. उघडत राहिलो, आणि साहेब आले. मतदारसंघात त्यांचं दर्शन याहून दुर्मीळ असतं.

सहायकाला सांगितलं की फोटो थोडा वेळ काढतो. तो म्हणाला, “फुकटात प्रचार होऊन राहिलाय, अन् तुम्ही बंद करायलात?” फोटो हलला तर साइट दुसरीकडे नेण्याची धमकीही दिली. मग ठरवलं, साहेब राहतील, पण स्वतःच्याच घरात. आणि दोष सापडल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

सापडला तेव्हा लक्षात आलं, सर्व्हरवर मागेल त्याला पानं वाढणारे, पंगतीतल्या वाढप्यांसारखे मोजकेच प्रोग्राम होते आणि तेच सगळ्या साइटना आळीपाळीनं पुरवले जात. साहेबांच्या पंगतीत वाढून आलेला वाढपी आधीचा हुकूम विसरत नव्हता. पुढच्या पंगतीतही पहिल्यांदा साहेबच वाढत होता. ज्याच्या ताटाला तो वाढपी आला, त्यालाच साहेब दिसले. म्हणजे किल्लारी खरी होती आणि शिरूरही. मी प्रत्येक साइटला तिचे वाढपी वेगळे करून दिले. मग बोट दुखेपर्यंत पत्रिका उघडली. साहेब आले नाहीत.

हे फोनवर कोण ऐकणार? दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरची बस धरली. चाचांनी वधूपिता आणि वरपिता दोघांनाही दुकानात बोलावलं होतं. दोघं दोन टोकांना बसले होते, मधे कागदाचे गठ्ठे. मी वाढप्याची गोष्ट सांगितली. वधूपित्यानं आपला मोबाइल काढून पान उघडलं, बंद केलं, परत उघडलं. चहावर साय आली तरी त्याचं चाललंच होतं. वरपिता दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत होता.

शेवटी वधूपिता उठला, गठ्ठ्यांना वळसा घालून गेला आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला.

“व्याही, तुम्हीबी बघा एकदा.”

त्या आठवड्यात ‘व्याही’ हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. वरपित्यानं खिशातून चष्मा काढला आणि पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. मग तो चाचांकडे वळून म्हणाला, “छापा.”

चाचा आधीच मशीनकडे निघाले होते.